होडीचा तळ आणि किनाऱ्याची वाळू

समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या नगरवासीयांच्या मनात होडीविषयी जी भीती असते, ती बहुधा पाण्याची असते. वादळ, उंच लाटा, पाण्याखाली दडलेले खडक ही होडीची शत्रुमंडळी कथा-कादंबऱ्यांमुळे आपल्या परिचयाची झालेली आहेत. किनारा म्हणजे मात्र सुखरूपता, अशी आपली ठाम समजूत असते. आपली भाषाही तेच सांगते. एखादे काम पुरे झाले की ते 'तडीस गेले' असे आपण म्हणतो. आणि तड म्हणजे काठच. तडीला लागले की काळजी मिटली, असा त्यातला भाव.

होडी ज्यांच्या पोटापाण्याचे साधन आहे त्यांना मात्र तडीला लागताच काळजी मिटली असे म्हणता येत नाही. लाकडी होडीच्या आयुष्यातील बरीचशी दुखणी तिला समुद्रात जडत नाहीत. पाण्यातून जमिनीवर येताना, जमिनीवर उभी असताना आणि पुन्हा पाण्यात जाताना ती जडतात. असे का व्हावे, आणि ते होऊ नये म्हणून किनाऱ्यावरील माणसांनी कोणकोणत्या युक्त्या योजल्या, हा आजचा आमचा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा. पण एका होडीत एका कुटुंबाची, कधी चार कुटुंबांची, सारी पुंजी अडकलेली असते. नारळी पौर्णिमेला सगळ्यांच्या होड्या पाण्यात उतरल्या आणि आपल्या होडीची फळी फुटली म्हणून ती वाळूतच राहिली, तर त्या घराचा ऐन हंगाम बुडतो. तेव्हा तळाची राखण म्हणजे अखेर घराचीच राखण होय.

पाण्याचा आधार आणि जमिनीचा आधार

प्रथम मुळाशी जाऊ. होडी पाण्यावर तरंगते तेव्हा तिचे वजन कोण पेलते? पाणी पेलते, हे शाळेत शिकलेले उत्तर बरोबरच आहे. पण ते कसे पेलते, हे महत्त्वाचे. पाण्यात बुडालेल्या प्रत्येक फळीच्या प्रत्येक बोटभर जागेवर पाणी आपला दाब देत असते. म्हणजे होडीच्या पोटाखाली जणू अगणित हात असून प्रत्येक हात आपल्या वाट्याचे थोडेसे वजन उचलत असतो. होडी बांधणारा सुतार हे गृहीत धरूनच फळ्यांची जाडी ठरवतो. तळाचा लांब कणा, त्यावर बसवलेल्या बरगड्या आणि बरगड्यांवर जडवलेल्या फळ्या ही सारी रचना असा सर्वांगी आधार मिळेल या हिशोबाने केलेली असते.

आता हीच होडी जमिनीवर घ्या. तिला आधार मिळतो तो जिथे ती टेकते तेवढ्याच ठिकाणी. समजा, एका होडीचे वजन एक टन, म्हणजे १००० किलो आहे; तिचा कणा पाच मीटर लांब व दहा सेंटिमीटर रुंद आहे. सपाट, घट्ट वाळूवर ती संपूर्ण कण्यावर टेकली, तर दर चौरस सेंटिमीटरवर केवळ ०.२ किलो भार पडतो. आता वाळूतून डोके वर काढलेला एक दगड घ्या, पाच सेंटिमीटर लांब व तेवढाच रुंद, आणि होडीचे अर्धे वजन त्याच्यावर आले असे समजा. भार होतो दर चौरस सेंटिमीटरला २० किलो, म्हणजे आधीच्या शंभरपट! होडी तीच, वजन तेच. टेकण्याची जागा तेवढी बदलली. त्यातून तो दगड कण्याखाली न येता दोन बरगड्यांच्या मधल्या फळीखाली आला, तर फळी आत वाकते, खिळे ढिले होतात आणि सांधा उघडतो.

दुसरीही एक गोष्ट घडते. होडीचा मध्य उंचवट्यावर आणि दोन्ही टोके अधांतरी राहिली, तर टोके आपल्याच वजनाने खाली लवतात. उलट दोन्ही टोके टेकून मध्य पोकळ राहिला, तर पोट खाली येते. अशा अवस्थेत होडी चार महिने राहिली की कण्याला बाक येतो. माणसाच्या पाठीच्या बाकाप्रमाणे हा बाकही सहसा पुन्हा सरळ होत नाही. बाक आलेली होडी सरळ चालत नाही आणि तिचे सांधे वारंवार गळू लागतात.

मग ती बाहेर काढायचीच कशाला?

असा धोका असेल तर होडी पाण्यातच का ठेवू नये, हा प्रश्न येथे सहजच उपस्थित होतो. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण पावसाळा. मृग नक्षत्राच्या सुमारास नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की आपला सारा पश्चिम किनारा उसळू लागतो. यांत्रिक नौकांच्या मासेमारीला त्या काळात सरकारी बंदीही असते. ज्या गावाला खाडीचा आडोसा नाही, तेथील होडीला वाळूवाचून दुसरा आसरा उरत नाही.

दुसरे कारण रोजच्या धंद्याचे. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण लावतात. रापण म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात अर्धवर्तुळ करून टाकलेले आणि दोन्ही टोकांनी माणसांनी किनाऱ्यावर ओढलेले लांबलचक जाळे. ते टाकणारी होडी उघड्या पुळणीवरूनच निघते आणि पुळणीवरच परत येते. तिला धक्का नाही, बंदर नाही. होडी चढवणे-उतरवणे हा तिथे वर्षातून एकदाचा समारंभ नसून नित्याचा उद्योग असतो.

तिसरे कारण डोळ्यांना न दिसणारे, आणि म्हणूनच अधिक घातक. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक प्राणी राहतो. शास्त्रज्ञ त्याला टेरेडो म्हणतात. दिसायला तो लांबट किड्यासारखा असला, तरी जात शिंपल्याची. अगदी बारीक पिल्लाच्या रूपात तो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून फळीत शिरतो आणि आतल्या आत वाढत जातो. डोक्याकडील दोन चिमुकल्या शिंपांनी तो लाकूड किसतो आणि भुयाराला आतून चुन्याचा गिलावा देतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. आतून मात्र तिची चाळण झालेली असते. १७३१ च्या सुमारास हॉलंडमधील समुद्रबांधांच्या लाकडी खांबांची त्याने अशी दशा केली की सारा देश हवालदिल झाला होता. होडी पाण्याबाहेर काढली की याचे खाणे थांबते, परंतु तो लगेच मरत नाही. छिद्राचे तोंड दोन लहान झाकणांनी मिटून तो आतल्या ओलाव्यावर दिवसचे दिवस तग धरतो. म्हणून नुसते बाहेर काढून भागत नाही, होडी सुकू द्यावी लागते. आणि तळाला बाहेरून आच देऊन, मग चुना व तेल किंवा चरबी यांचे दाट मिश्रण चोपडण्याची जुनी चाल पडली ती यासाठीच. याखेरीज तळाला चिकटणारे बार्नॅकल, शेवाळ, शिंपल्या यांचा थर खरवडायचा, तर होडी बाहेरच आली पाहिजे. हे खरवडणे तळ ओला असतानाच उरकावे. एकदा वाळले की ते दगडासारखे घट्ट बसते आणि काढताना लाकडाचे टवके निघतात.

वेळ साधणे

होडी वर ओढताना पहिला मदतनीस समुद्रच असतो. भरतीचे पाणी होडीला जितके वर आणून सोडील, तितके माणसांचे श्रम वाचतात आणि तितकाच तळाचा घासही वाचतो. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांग येतो, हे किनाऱ्यावरील लहान मुलालाही ठाऊक असते. त्यातही उधाण तिथीच्या दिवशीच कळसाला न पोहोचता एखाद-दोन दिवस मागाहून पोहोचते.

आता यातले तारतम्य पाहा. उधाण चढत असताना होडी लावली आणि पहिल्या दिवशी ती मनाजोगी वर गेली नाही, तर दुसऱ्या दिवशीची भरती अधिक उंच येते आणि राहिलेले काम पुरे करता येते. उधाण ओसरू लागल्यावर लावली, तर दुसऱ्या दिवशीचे पाणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. ती अर्ध्या वाटेवर अडकते. म्हणून पावसाळ्यापूर्वीची शेवटची ओढ चढत्या उधाणावर धरणे शहाणपणाचे.

आपल्या किनाऱ्यावर उत्तर आणि दक्षिण यांत या बाबतीत मोठा फरक आहे. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांतील अंतर चार मीटरच्या वर जाते. गोव्याकडे ते सुमारे दोन मीटरवर येते. त्यामुळे उत्तरेकडील खाड्यांत मोठी होडी भरतीला आत घेऊन चिखलावर बसवली, की ओहोटीला ती आपोआप कोरडी पडते. मऊ चिखल तिला गादीसारखा झेलतो आणि तळाची डागडुजी दोन भरत्यांच्या मधल्या अवकाशात उरकता येते. दक्षिणेकडे उतरती वाळू आणि थोडे पाणी. तिथे ओढण्यावाचून गत्यंतर नाही. एकाच कोकणात दोन रिती का रुजल्या, याचे बरेचसे उत्तर चंद्राच्या या हिशोबात आहे.

किनाऱ्याला लागताना

तळाला सर्वात मोठा दणका बसतो तो होडी ओढताना नव्हे, तर ती पाणी सोडून वाळूला लागते त्या क्षणी. लाट होडीला उचलते, पुढे नेते आणि एकदम पायाखालून निघून जाते. हातभर उंचीवरून टनभर वजन कडक वाळूवर आदळले, तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय होडी जर आडवी झाली, तर पुढची लाट तिच्या बाजूवर फुटते, पाणी आत भरते आणि वजन क्षणात दुप्पट होते. यासाठी तांडेल फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबून लाटा मोजतो. मोठ्या लाटांचा घोळका निघून गेला की मधल्या लहान लाटेच्या पाठीवर होडी नेतो, तिची नाळ किनाऱ्याशी काटकोनात राखतो. आणि गुडघाभर पाण्यात येताच दोन्ही बाजूंनी माणसे उड्या मारून तिला धरतात, म्हणजे परतणारे पाणी तिला फिरवू शकत नाही.

होडी टेकण्यापूर्वी सुकाणू उतरवलेले असले पाहिजे, कारण ते कण्याच्या खाली जात असेल तर सारे वजन पहिल्याने त्याच्यावर येते. मग मासळी, जाळी, नांगर, वल्ही, यंत्र काढता येण्याजोगे असल्यास तेही, सर्व बाहेर काढावे. सर्वांत विसरले जाते ते तळात साचलेले पाणी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. आणि नाळ वर उचलली गेली की ते सारे पिछाडीकडे धावते व तेथील फळ्यांवर एकवटते. ते उपसून मगच दोराला हात घालावा.

ओढण्याचे शास्त्र

आता प्रत्यक्ष ओढणे. आपली एक टनाची होडी दहास एक अशा चढावर ओढायची आहे. केवळ चढासाठी सुमारे १०० किलोंचा जोर लागतो. तो कशानेही चुकत नाही. त्यात भर पडते घर्षणाची. होडी तशीच वाळूवरून फरफटत नेली, तर घर्षणाचा विरोध ढोबळमानाने वजनाच्या निम्म्याइतका, म्हणजे ५०० किलो येतो. तेल किंवा चरबी माखलेल्या आडव्या ओंडक्यांवरून सरकवली, तर तो १५० किलोंच्या आसपास उतरतो. लाटण्यासारखे फिरणारे गोल रूळ खाली घातले आणि रुळांखाली फळ्या अंथरल्या, तर ५० किलोंवर भागते. म्हणजे एकूण जोर पहिल्या रीतीने ६००, दुसरीने २५० आणि तिसरीने १५० किलो. पहिल्या रीतीला डझनभर दांडगे गडी हवेत; तिसरीला तीन-चार पुरतात.

येथे केवळ श्रमांचाच हिशोब पाहू नये. वाळूवर खर्च झालेला तो जादा जोर कुठे जातो? तो तळाचे लाकूड झिजवण्यात जातो. किनाऱ्याच्या वाळूत गारगोटीचे कण असतात आणि ते लाकडाहूनच काय, साध्या लोखंडाहूनही कठीण असतात. ओल्या वाळूवर होडी फरफटवणे म्हणजे तळाला कानस लावणे होय. म्हणून कण्याच्या खाली एक वेगळी पट्टी जोडण्याची रीत आहे. कधी कठीण लाकडाची, कधी लोखंडाची. ही पट्टी झिजण्यासाठीच असते. दोन-चार वर्षांनी ती काढून नवी ठोकली की मूळ कणा अभंग राहतो. जोड्याला टाच मारून घ्यावी, तसाच हा प्रकार.

रुळांच्या बाबतीत तीन पथ्ये आहेत. रूळ होडीच्या दिशेशी बरोबर काटकोनात हवेत, नाहीतर ती वाकडी चालते आणि एका बाजूवर कलते. ते फळ्यांवर फिरावेत. नुसत्या वाळूत रुतलेला रूळ फिरत नाही, तो उलट होडीला अडवणीच होतो. आणि एकाच वेळी निदान तीन तरी खाली असावेत, म्हणजे मागचा मोकळा झालेला पुढे आणून ठेवीपर्यंत वजन दोहोंवर राहते. हा रूळ पुढे आणणारा बहुधा पोरसवदा मुलगा असतो. त्याचा हात-पाय खाली सापडू नये म्हणून ओढणाऱ्यांनी त्याच्या शब्दाशिवाय दोर ताणायचा नाही, हा दंडक पाळलाच पाहिजे; फळी बदलता येते, बोटे बदलता येत नाहीत.

दोर कुठे बांधावा, हेही तितकेच महत्त्वाचे. नाळेच्या वरच्या टोकाला बांधून ओढले, तर ओढ वर आणि विरोध खाली, अशा कात्रीत नाळ सापडते. तिचा कण्याशी असलेला सांधाच खिळखिळा होतो. दोर जितका खाली, कण्याच्या जवळ, तितका बरा. त्याहून उत्तम म्हणजे तो पिछाडीला वळसा घालून दोन्ही अंगांनी पुढे आणणे. मग होडी पुढून ओढली जाण्याऐवजी मागून ढकलली जाते आणि तिचे सांधे उघडण्याऐवजी मिटतात. दोर जिथे कडेवर घासतो तिथे गोणपाटाची घडी ठेवावी.

माणसे कमी असतील तर कप्पी मदतीला येते. दोराचे तीन पदर होडीकडे येतील अशी कप्प्यांची जोडणी केली, तर एक तृतीयांश जोर पुरतो. मात्र तिप्पट दोर ओढावा लागतो. निसर्ग फुकट काहीच देत नाही. आणि माणसे एकसुरात आरोळी देऊन ओढतात, तीही नुसती हौस नसते. थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर ती हलती ठेवायला लागणाऱ्या जोराहून अधिक असतो. वीस जणांचा जोर वीस वेगवेगळ्या क्षणी लागला तर तो वाया जातो; एकाच क्षणी लागला तर होडी सुटते. आरोळी हे त्या क्षणाचे घड्याळ आहे.

पूर्व किनाऱ्यावर निराळी बुद्धी चालली. मद्रासच्या बाजूला पूर्वी बंदर नव्हते आणि लाटा तर सतत फुटणाऱ्या. तेथील मसुला नावाच्या होड्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत आणि त्यांना आतून बरगड्याही नसत. किनाऱ्यावर आदळताच त्या टोपलीप्रमाणे लवत आणि दणका सबंध अंगभर वाटून टाकत. खिळ्यांनी जखडलेली युरोपीय होडी तिथे फुटून जाई. कट्टुमरम तर याहून सोपे: काही ओंडके दोरीने एकत्र बांधायचे, आणि परत आल्यावर सोडून वाळूवर सुकत टाकायचे. ज्याला पोकळ पोटच नाही, त्याचे पोट फुटणार कसे?

वर आणल्यानंतर

होडी भरतीच्या रेषेच्या पलीकडे आली की लोक घाम पुसतात. परंतु राखणीचा उत्तरार्ध इथूनच सुरू होतो. तिला नुसत्या वाळूवर ठेवू नये. वाळूचा ओलावा तळाला लागतो आणि वाळवीलाही वाट मिळते. कण्याखाली ठराविक अंतरावर ओंडके घालून ती वीतभर उचलावी आणि ते सर्व ओंडके एका पातळीत आहेत की नाहीत, हे दोरी लावून पाहावे. बाक येण्याचे जे भय आम्ही वर सांगितले, त्यावरचा उपाय तो हाच. दोन्ही बाजूंना टेकू द्यावेत, पण ते बरगडी जिथे असेल तिथेच. टेकूच्या डोक्यावर आडवी फळी ठेवावी, म्हणजे भार एका बिंदूवर न येता पसरतो. टेकूंचे काम होडी उचलून धरणे नसून ती कलू न देणे, एवढेच आहे. वजन कण्यानेच सोसायचे.

यानंतर दोन शत्रू येतात, आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी येतात: ऊन आणि पाऊस.

लाकूड वाळते तेव्हा ते आकसते. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र स्पष्टपणे. पाण्यात फुगून एकमेकींना घट्ट भिडलेल्या फळ्या उन्हात आकसल्या की सांध्यांत फटी पडतात. त्यातही एक अंग उन्हात व दुसरे सावलीत राहिले, तर फळी वाकते व तडकते. म्हणून होडीवर झापांचा मांडव घालतात. सुकावी तर लागतेच, पण हळूहळू आणि सारखी सुकली पाहिजे. फळ्यांना उंडीचे किंवा मुशीचे तेल चोळण्यातला हेतूही हाच, की ओलावा एकदम आत-बाहेर होऊ नये.

पावसाचे वैर अधिक खोल आहे. लाकूड कुजते ते एका बुरशीमुळे. या बुरशीला ओलावा हवा असतो तशी हवाही हवी असते. पूर्ण पाण्यात बुडालेल्या लाकडात हवा नसते आणि अगदी कोरड्या लाकडात ओलावा नसतो. दोन्हीकडे तिचे चालत नाही. मीठही तिला मानवत नाही. परंतु होडीच्या तळात पावसाचे गोडे पाणी साचून राहिले, की तिला ओलावा, हवा आणि बिनमिठाचे लाकूड असे तिन्ही मिळते. समुद्रात वीस वर्षे टिकणारी फळी किनाऱ्यावर साचलेल्या ओंजळभर पावसाच्या पाण्याने कुजू शकते, ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण तिचे कारण हे असे सरळ आहे. म्हणून तळाचे बूच काढून ठेवावे, होडीला बुचाकडे किंचित उतार द्यावा, आणि वरचे आच्छादन असे असावे की पाऊस अडेल पण वारा खेळता राहील. चहूबाजूंनी गच्च बांधलेले प्लास्टिक दिसायला चोख दिसते, पण आत घाम धरते. त्यापेक्षा जुनी झापे बरी.

पुन्हा पाण्यात उतरताना एक चूक हमखास घडते. उन्हाने उघडलेल्या फटी पाहून मालक घाबरतो आणि त्यांत कापूस-काथ्या ठासून ठासून भरतो. होडी पाण्यात जाते, फळ्या फुगतात, फुगायला जागा सापडत नाही, आणि मग त्या बरगड्यांवरचे खिळेच उपटू लागतात. फट हलक्या हाताने भरावी. उतरवण्यापूर्वी एक-दोन दिवस होडीवर पाणी मारावे, ओली पोती पसरावीत. लाकूड आपली फट पुष्कळशी आपणच मिटवते, त्याला तेवढा अवसर दिला पाहिजे.

मोठ्या जहाजांचे काय?

जे होडीला साधते ते शेकडो टनांच्या जहाजाला साधत नाही. तिथे जहाजाला जमिनीवर न आणता जहाजाखालचे पाणीच काढून घेतात. ही सुकी गोदी. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत आंग्र्यांच्या काळातील, खडक खोदून केलेली गोदी आजही पाहायला मिळते. तिची लांबी सुमारे साडेतीनशे फूट आहे. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ साली आले आणि तेथील पहिली सुकी गोदी १७५० साली झाली. याच मुंबईत सागवानाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही १८१७ सालची युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून पाण्यावर जतन करून ठेवलेली आहे. गोदी झाली तरी मूळ नियम बदलत नाही: पाणी ओसरण्यापूर्वीच कण्याखाली ठोकळ्यांची ओळ एका पातळीत मांडून ठेवावी लागते आणि बाजूंना टेकू द्यावे लागतात.

मोठ्या जहाजांच्या तळाला पोखरणाऱ्या किडीपासून वाचवण्यासाठी इंग्रजी आरमाराने १७६१ साली 'अलार्म' या नौकेवर तांब्याचा पत्रा मढवून पाहिला. कीड थांबली, पण खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड जवळ येताच लोखंडी खिळे झपाट्याने खाल्ले गेले. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून तांबे झिजू द्यायचे थांबवले. तेव्हा असे दिसले की न झिजणाऱ्या तांब्यावर बार्नॅकल सुखाने वस्ती करतात; तांब्याचा थोडा थोडा विरघळणारा अंशच त्यांना दूर ठेवत होता. तळाला वाचवणारी वस्तू स्वतः झिजते म्हणूनच वाचवते, हा कण्याखालच्या पट्टीने शिकवलेला धडा इथेही लागू पडला.

आजची स्थिती

गेल्या काही दशकांत लाकडाची जागा पुष्कळ ठिकाणी फायबरच्या होड्यांनी घेतली आहे. तिला कीड लागत नाही, ती कुजत नाही, उन्हात फटत नाही. यामुळे तिला काहीच होत नाही असा समज पसरला आहे, तो मात्र खरा नाही. फायबरच्या होडीवर बाहेरून एक पातळ, गुळगुळीत थर असतो. वाळूने तो थर खरवडला गेला की आतले काचेचे तंतू उघडे पडतात आणि त्यांच्या वाटेने पाणी आत झिरपते. लाकडाची फळी बदलता येते. इथे मात्र सारा तळ एकसंध असल्याने वरून बारीक दिसणारी इजा आत कुठवर गेली आहे, ते कळत नाही. म्हणून कण्याखालची झिजाऊ पट्टी, रूळ, जुने टायर, आतल्या आडव्या भिंतीखाली दिलेला टेकू, ही पथ्ये तिलाही पाळावी लागतात.

कित्येक किनाऱ्यांवर आता माणसांच्या ऐवजी ट्रॅक्टर होड्या ओढतो. माणसांचे कष्ट वाचतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. होडीच्या तळाला दगड लागला की दोर धरलेल्या हातांना ते तत्काळ कळते. माणसे थांबतात, वाकून पाहतात. ट्रॅक्टरला ते कळत नाही. तो तसाच ओढत राहतो, आणि दगड हलला नाही तर फळी हलते. तेव्हा यंत्राबरोबर होडीच्या दोन्ही अंगांना डोळस माणसे चालवणे, आणि त्यांच्या हाताच्या खुणेवर यंत्र थांबवणे, याला पर्याय नाही.

याहून अवघड प्रश्न जागेचा आहे. होडी वर घ्यायची तर उतरती, मोकळी, दगड नसलेली वाळू लागते. जिथे किनारा खचतो तिथे तो राखण्यासाठी मोठमोठ्या दगडांचे बंधारे घालतात. जिथे खचत नाही तिथे इमारती, कुंपणे आणि उपाहारगृहे भरतीच्या रेषेपर्यंत सरकतात. दोन्हींपैकी काहीही झाले तरी होडी चढवायची वाट बुजते. बंधारा घालताना मध्ये उताराची मोकळी वाट सोडणे, हे फार खर्चाचे काम नव्हे. पण ते सुचण्यासाठी होडी कशी ओढतात हे आराखडा काढणाऱ्याला ठाऊक असावे लागते. आपल्यापैकी कित्येक जण अशा आराखड्यांवर मत देणारे, सह्या करणारे, किंवा त्या किनाऱ्यावर सुटीसाठी जाऊन राहणारे नागरिक आहोत. म्हणूनच हा विषय आम्हांला शहरातील व्यासपीठावरून सांगावासा वाटला.

या साऱ्या विवेचनातून हाती काय लागते? पाणी होडीला सर्वांगाने धरते, जमीन तिला चार ठिकाणी टेकवते. आणि या दोहोंतील जे अंतर, ते माणसाला आपल्या बुद्धीने व हातांनी भरून काढावे लागते. रूळ, पट्टी, टेकू, झाप, तेल, भरतीची वेळ, एकसुराची आरोळी ही सारी त्या एकाच कामाची हत्यारे आहेत. यांतले कोणतेही महाग नाही, कोणतेही अवघड नाही. त्यांतले बरेचसे ज्ञान वयोवृद्ध तांडेल आणि होड्या बांधणारे सुतार यांच्यापाशी आहे आणि ते कागदावर फार थोडे उतरले आहे. किनाऱ्यालगतच्या शाळांतून व तंत्रनिकेतनांतून, विद्यार्थ्यांनी घर्षणाचा आणि दाबाचा धडा वाचला की त्यांना एक दिवस पुळणीवर नेऊन होडी ओढायला लावावे, अशी आमची सूचना आहे. धडाही पक्का होईल, आणि होडीवाल्याला चार हात अधिक मिळतील.